आई सेंटरवर आली

माझी आई लग्नं जमवायची. तो तिचा धंदा नव्हता, त्यापायी तिनं कधी कुणाकडून साडीसुद्धा घेतली नाही. पण बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बाई येऊन टेकलेली असायची, आणि आई मेथी निवडता निवडता तिला सांगत असायची, की दांडिया बाजारातल्या अमक्यांचा मुलगा बँकेत लागला, वाडीतल्या तमक्यांची धाकटी बी.कॉम. झाली, आणि या दोघांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत एकाच पलटणीत होते. माणसाचं नाव, आडनाव आणि घर एकदा कळलं की ते तिच्या डोक्यातून हलत नसे. पोरीच्या आत्याला कोड होतं का, पोराचा काका दारू प्यायचा का, सगळं. बाबा रिफायनरीत पाळीनं जायचे. घरी असले की गॅलरीत खुर्ची टाकून, रेडिओ कानाशी धरून बसायचे, आणि बायका आल्या की खुर्ची थोडी आणखी रस्त्याकडे वळवायचे. माझ्या आठवणीतले बाबा बरेचसे पाठीकडूनच आहेत.

घरात आम्ही मराठी बोलायचो, पण भांडण झालं की आईच्या तोंडून गुजराती यायचं, कारण ती शाळेत आणि रस्त्यावर भांडायला त्याच भाषेत शिकली होती. स्वयंपाकाचंही तसंच. वरणात गूळ घालायला तिचा कडक विरोध होता, 'आपण काय दाळ-भात खाणारे आहोत का,' म्हणायची, पण दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरून फाफडा यायचा आणि त्याबरोबरचा कच्च्या पपईचा संभारा तीच करायची, मोहरी तडतडली की शिंकत शिंकत. चैत्रात आंब्याची डाळ, पन्हं, आणि आरास केलेली गौर. श्रावणात पात्रा, ज्याला ती हट्टानं अळूवड्याच म्हणायची. खालून स्कूटरचे हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, समोरच्या हवेलीतून, म्हणजे वैष्णवांच्या देवळातून, आरतीची झांज. मी या सगळ्यात सुखानं वाढले असं म्हटलं तर खोटं होणार नाही. आई मला प्रेमानं वाढवत होती. आजही हे लिहिताना मला तेच सगळ्यात अवघड जातं. ती दुष्ट बाई असती तर हे प्रकरण दोन पानांत संपलं असतं.

बी.ए. झाल्यावर मी एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायला लागले. लग्नपत्रिका, भाड्याचे करार, आणि कुणी गेलं की बेसण्याची, म्हणजे शोकसभेची, छोटी जाहिरात. एका दुपारी पन्नाशीचे, जाडजूड, सफारी घातलेले एक गृहस्थ हातानं लिहिलेलं पत्रक छापून घ्यायला आले. मालकानं ते हातात घेतलं, दोन ओळी वाचल्या आणि मग दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागला. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया. झेरॉक्सवाला पोट धरून हसला. एका गिऱ्हाइकानं "छी" म्हणून पाय मागे घेतला. ते गृहस्थ काउंटरवर दोन्ही हात ठेवून सगळं वाचून होईपर्यंत उभे राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "बे सो नकल जोईए." दोनशे प्रती हव्यात. मालकानं कागद माझ्याकडे भिरकावला. शेवटची ओळ होती, 'तमे एकला नथी.' तुम्ही एकटे नाही. मी ती टाइप केली तेव्हा तेवढ्या तीन शब्दांसाठी मला पुन्हा पुन्हा खोडावं लागलं. पत्रकं बांधून देताना मी हळूच विचारलं, बायका आलेल्या चालतात का. ते म्हणाले, "आज सुधी कोई आवी नथी. चाले." आजवर कुणी आली नाही, पण चालेल. ते दिलीपभाई.

सेंटर मांडवीत होतं, कंसाऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, गल्लीत. दोन तांब्या-पितळेच्या दुकानांमधून एक अंधारा जिना वर जायचा. पाटीवर 'आरोग्य सलाह केंद्र' एवढंच लिहिलेलं होतं. वर दोन खोल्या, एक सतरंजी, एक कॅरम बोर्ड आणि एक फोन. त्यावर लोक मदत मागायला फोन करायचे आणि बहुतेक वेळा नुसतेच श्वास घेत राहायचे. खाली दिवसभर घंगाळी आणि कळशा ठोकल्या जायच्या. त्या ठोकाठोकीत वर कुणी काय बोलतंय ते खाली कुणाला ऐकू जात नसे, आणि दुपारी कारागीर जेवायला बसले की आम्हीही आपोआप आवाज खाली आणायचो. दिलीपभाई एका सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी येऊन दार उघडायचे, गवती चहा घालून चहा टाकायचे आणि आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक नियम सांगायचे. "अहीं कोईनी अटक पूछवानी नहीं." गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. मला मराठी कानांनी पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं, इथे कुणाला पोलिसांनी धरलं तर विचारायचं नाही असं काहीतरी ते सांगताहेत. त्यावरून सगळे पुढे कितीतरी दिवस मला हसायचे.

येणारे बरेच होते, पण मला सांगायचंय ते तिघांचं. मेहुल फरसाणाच्या दुकानवाल्यांचा मुलगा, विशीचा, येताना हमखास लीलो चेवडो घेऊन यायचा आणि बोलताना त्याचे हात आधी बोलायचे. अनंत आमच्यासारखाच मराठी, दांडिया बाजारातला, बँकेत क्लार्क. तो फारसं बोलत नसे, पण कुणी आजारी आहे कळलं की डबा घेऊन जाणारा पहिला तोच. आणि हेतल. हेतल एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आमचं पत्रक तिच्या हाती कसं लागलं कोण जाणे. मी बुधवारी दुपारी बायकांसाठी सेंटर उघडं ठेवते असं त्यात घातलं होतं, आणि कितीतरी बुधवार मी एकटीच कॅरमच्या सोंगट्या लावून बसले होते. ती आली, पत्रक माझ्यासमोर धरलं आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "आ कोणे टाइप कर्युं छे? जोडाक्षर खोटुं छे." जोडाक्षर चुकलंय. मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, मग सुधार. आखूड केस, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, आणि कैरीच्या फोडी मीठ-मिरची लावून डब्यात. त्या दुपारी आम्ही दोघींनी अख्खी कैरी संपवली आणि माझे दात रात्रीपर्यंत आंबले होते.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. सुखाबद्दल लिहिता येत नाही मला. तिच्या स्कूटरवर मागे बसून सयाजीबागेला फेरी, सेव उसळीची एकच प्लेट आणि दोन चमचे, बुधवारची ती ठोकाठोक. एवढं पुरे.

घरी स्थळं यायला लागली होती. आई इतरांच्या मुलींना उजवून दमली नव्हती आणि आता माझी पाळी होती. एके संध्याकाळी ती गवार मोडत बसली होती, बाबा गॅलरीत. मी समोर बसले, गवार मोडायला घेतली आणि सांगून टाकलं. मला लग्न करायचं नाही. मला पुरुष नको आहे. माझं एका मुलीवर प्रेम आहे, आणि मी मांडवीत अशा लोकांच्या सेंटरवर काम करते. आईचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, दोर काढायचा, ताटात टाकायची. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुणाची मुलगी?" मी म्हटलं, ते सांगणार नाही. "बरं," ती म्हणाली आणि गवार धुवायला आत गेली. मी रडण्याची, मारण्याची, देवापुढे डोकं आपटण्याची तयारी करून बसले होते. त्या रात्री जेवणात गवारीची भाजी होती आणि आईनं मला आग्रहानं दोनदा वाढली.

पुढे काही आठवडे तिनं तो विषय काढला नाही, आणि मग हळूहळू काढायला लागली. तुमच्याकडे किती मुलं येतात? कसली असतात? त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे का? मी म्हणायचे, कुणाच्याच नाही, आई, तेच तर दुःख आहे. ती मान हलवायची. एक दिवस म्हणाली, "मला एकदा घेऊन चल ना. बघते तरी." मी तिला मिठी मारली. बाबांनी गॅलरीतून मान वळवली. बाबा सहसा मान वळवत नसत. "कशाला नेतेस तिला?" ते मला म्हणाले. मी म्हटलं, "तिला यायचंय, बाबा." त्यांनी रेडिओ पुन्हा कानाला लावला. त्यांना लाज वाटते आहे असा मी अर्थ घेतला. ते आईबरोबर माझ्या वयाहून जास्त वर्षं राहिले होते, हे मला सुचलं नाही.

सेंटरवर आजवर कुणाची आई आली नव्हती. मी सांगितलं तेव्हा मेहुल उठून नाचायलाच लागला. त्या रविवारी त्यांनी खोल्या धुऊन काढल्या. कॅरम बोर्ड भिंतीला लावून ठेवला, दिलीपभाईंनी घरून स्टीलचे पेले आणले, अनंत इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला आल्यासारखा दारात उभा होता. हेतल पहिल्यांदाच ओढणी घेऊन आली आणि ती तिच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. आई हिरवी नारायणपेठ नेसली होती, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. जिना चढून वर आली तेव्हा तिला दम लागला होता. मेहुलनं वाकून तिच्या पायांना हात लावला आणि मग एकेक करून सगळेच वाकले. ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. "सुखी रहा. सुखी रहा, बेटा."

मग ती सतरंजीवर मांडी घालून बसली आणि तिनं वड्यांचा डबा उघडला. प्रत्येकाला स्वतःच्या हातानं वडी दिली, आणि देताना विचारलं, "नाव काय रे तुझं?" मेहुलनं सांगितलं. "फरसाणवाले म्हणजे कोणते? न्याय मंदिराजवळचे की पाणीगेटकडचे?" "पाणीगेटना, मासी. पप्पा ने काका बेसे छे." पप्पा आणि काका दुकानात बसतात. "हो का? छान. तुझ्या आईचं नाव काय?" त्यानं तेही सांगितलं. अनंताकडे वळून ती हसली. "तुझा चेहरा ओळखीचा आहे रे. मालूताईंचा ना तू?" अनंताचे डोळे भरून आले. "हो, काकू." मी दिलीपभाईंकडे पाहिलं. नियम त्यांचा होता. ते थांबवतील असं मला क्षणभर वाटलं. पण ते पुढे सरकले आणि कुणी न विचारता म्हणाले, "बेन, मारुं नाम दिलीप," आणि आडनावही सांगितलं, आणि कचेरी सांगितली, आणि म्हणाले की त्यांची बा मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, शेवटी पाणीही त्यांच्या हातून घेतलं नाही तिनं. एवढं बोलून तो अवाढव्य माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. आई त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली. "रडू नका, भाई. आई आहे ना मी." खाली ठोकाठोक चालू होती. शेवटची वडी तिनं हेतलला दिली. तिची ओढणी नीट केली, हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "हीच ना ती?" हेतल लाजली. मी हेतलला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. "कुठे राहतेस, बेटा?" "कारेलीबाग." "कारेलीबागेत कुठली सोसायटी?"

रिक्षातून घरी येताना आईनं माझा हात हातात धरून ठेवला होता. म्हणाली, "मुलं चांगली आहेत गं. चांगल्या घरची आहेत."

पुढच्याच आठवड्यात चैत्रगौर बसली. हळदीकुंकवाची बोलावणी करायला आई दरवर्षीच घरोघरी जायची, तेव्हा ती नारायणपेठ नेसून, करंडा घेऊन बाहेर पडली याचं मला काही वाटलं नाही. मी कामावर गेले. नंतर कळलं, ती आधी अनंताच्या घरी गेली. मालूताईंना हळदकुंकू लावलं, पन्हं प्यायली आणि मग दार लोटून घेऊन सांगितलं. तिथून पाणीगेटला. फरसाणाच्या दुकानातून पाव किलो सेव घेतली आणि मेहुलच्या बापाला जरा बाजूला बोलावलं. तिथून कारेलीबागेत. दुसऱ्या दिवशी दिलीपभाईंच्या कचेरीत साहेबांना भेटली, आणि परतताना मांडवीत उतरून, सेंटरच्या खोल्या ज्याच्या होत्या त्या खालच्या कंसाऱ्याला विचारलं, की वर काय चालतं ते त्याच्या बायकोला माहीत आहे का. कुठेही तिनं आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. सगळे हेच सांगत होते, की बाई किती शांतपणे, किती जीव तोडून बोलली.

मेहुलला त्याच्या काकानं आणि बापानं दुकानाच्या मागे, भट्टीजवळ नेऊन मारलं. उकळत्या तेलातला झारा काकाच्या हातात होता आणि तो त्यानं खाली ठेवला नाही. मेहुलचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याला कुठल्याशा गावी मामाकडे पाठवलं असं कळलं. मग तिथूनही तो निघून गेला. कुठे, ते कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं झाली, मी अजून गर्दीत माणसांच्या हातांकडे बघते. दिलीपभाईंची बदली आदिवासी पट्ट्यातल्या एका तालुक्याला झाली. जाण्याआधी कचेरीतल्या लोकांनी त्यांच्या खुर्चीला बांगड्या बांधून ठेवल्या. हेतलला तिचे भाऊ क्लासमधून घेऊन गेले, विद्यार्थ्यांसमोर, दंडाला धरून. तिची स्कूटर कितीतरी दिवस क्लासच्या बाहेर तशीच उभी होती. आधी आरसा गेला, मग सीट गेली.

मी सेंटरवर धावले तेव्हा कंसाऱ्यानं सतरंजी आणि पेले जिन्यात फेकलेले होते. दिलीपभाई ते गोळा करत होते. आणखी चार-पाच जण होते, भिंतीला टेकून. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी पेला उचलायला वाकले तर दिलीपभाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "हवे तुं नहीं आवती," ते म्हणाले. आता तू येऊ नकोस. मी म्हटलं, दिलीपभाई, मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. वरच्या पायरीवरचा एक मुलगा, ज्याच्या तापात मी त्याच्या उशाशी बसले होते, तो खाली उतरला आणि माझ्या तोंडावर थुंकला. दिलीपभाई बघत होते. मी पदरानं, म्हणजे ओढणीनंच, तोंड पुसलं आणि जिना उतरले. कंसारी ठोकत होते.

हेतलचा फोन दुकानावर आला. मालकानं डोळे मिचकावत माझ्याकडे दिला. ती कुजबुजत होती, सूरतला आत्याकडे होती, कुणी आंघोळीला गेलं होतं तेवढ्यात तिनं फोन लावला होता. मी तिचं नाव घेतलं. तिनं माझं घेतलं नाही. "तें ज मोकली हती ने, तारी मम्मीने?" तूच पाठवलं होतंस ना आईला? मी म्हणाले, नाही, हेतल, मी कशाला... "एमणे पोते कह्युं," ती म्हणाली. त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि फोन बंद झाला. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तिनं मला विचारलं आणि माझं उत्तर ऐकण्याआधीच तिला ते माहीत होतं. मला वाटलं, गैरसमज आहे. मी आईला तिथे नेलं, म्हणून तिला तसं वाटतंय. सूरतचा पत्ता मिळवून मी जाईन, समजावीन. मी तेव्हाही गाढवच होते.

वैशाखात अनंताचं लग्न झालं. मुलगी आईनंच शोधली होती. आई मला म्हणाली, तूही चल, मालूताईंनी तुला आवर्जून बोलावलंय. मी गेले, कारण अनंताला गाठून एकदा खरं सांगायचं होतं. कार्यालयात उकाड्यानं फुलं काळी पडली होती, पंगतीत मठ्ठा आणि जिलेबी, सनईची कॅसेट मध्येच अडकत होती. मालूताईंनी मला लांबूनच पाहिलं आणि हातातलं ताट तिथेच ठेवून माझ्याकडे आल्या. माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. "कुंदा, तुझे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही," त्या म्हणाल्या. मला कळेना. "तुझ्या आईनं सगळं सांगितलं. तू त्या लोकांत समाजसेवा करायला गेलीस, तिथे अनंत दिसला, आणि तुझ्यानं राहवलं नाही. तूच म्हणालीस ना आईला, की जाऊन त्यांच्या आयांना सांग, ही मुलं वाया जातील? तू होतीस म्हणून माझा मुलगा वाचला." मी तोंड उघडलं. तोवर त्यांनी माझ्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवला आणि मला ओढत व्यासपीठावर नेलं. "अनंता, ही बघ कोण आली."

अनंत मुंडावळ्या बांधून उभा होता. फार वाळला होता. शेजारी नवरी, हातभर चुडा, लहान चणीची, माझ्याकडे बघून हसली. तिला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि पुढे आयुष्यभर कुणी सांगितलं नाही. अनंतानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अनंत, मी नाही..." फोटोग्राफर ओरडला, "ताई, जरा जवळ या, वर बघा." मालूताईंनी मला त्याच्या बाजूला उभं केलं. दिव्याचा लखलखाट झाला. अनंत ओठ न हलवता, समोर कॅमेऱ्याकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "वड्या छान होत्या तुझ्या आईच्या." मग तो पुढच्या पाहुण्यांशी हात मिळवायला वळला.

घरी आल्यावर आई साडी सोडून घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली धरलेलं. मी विचारलं, माझं नाव का घेतलंस? तिनं घडी पूर्ण केली. "मग काय सांगायचं होतं? माझी मुलगीही त्यातलीच आहे, म्हणून मला कळलं?" मी म्हटलं, पण मुळात गेलीसच का? त्यांनी तुझं काय वाकडं केलं होतं? तुझ्या पाया पडले होते ते. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. मला ती रागावलेली हवी होती. ती दमलेली दिसत होती. "तू मला सांगितलंस त्या दिवसापासून मला झोप नाही," ती म्हणाली. "तिथे सगळी हसत-खेळत होती आणि त्यांच्या आया घरी निवांत भाकऱ्या थापत होत्या. मी एकटीनंच का जळायचं? त्यांनाही कळू दे." थोडं थांबून म्हणाली, "आणि तुझं मी चांगलंच केलंय. आता बडोद्यात कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. जा, सांग सगळ्यांना खरं काय ते. तुझ्यावर विश्वास ठेवेल असं कोण उरलंय?" गॅलरीतला रेडिओ बंद झाला होता. बाबा ऐकत होते. मग त्यांनी तो पुन्हा लावला.

मी घर सोडलं नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस घर सोडतो. मला जायला जागाच नव्हती. ज्या एका ठिकाणी मी गेले असते तिथे माझ्या नावानं लोक थुंकत होते. सूरतला मी एकदा गेले. हेतलच्या आत्यानं दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझे आभार मानले. हेतल तोवर लग्न होऊन परदेशी गेली होती. त्यानंतर मला कुठलंही स्थळ आलं नाही. आईनं येऊ दिलं नाही, एवढं तिनं माझं ऐकलं. बाबा गेले. मी आईबरोबर राहिले. आता ती नव्वदीकडे झुकली आहे, मी तिला आंघोळ घालते, तिची वेणी घालते. आलेल्या-गेलेल्याला ती सांगते, लेकीनं माझ्यासाठी लग्न केलं नाही. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात.

दोन वर्षांपूर्वी खंडेराव मार्केटमध्ये मी सुरणाचा तुकडा निवडत होते, तर बाजूला काठी टेकत कुणीतरी येऊन उभं राहिलं. दिलीपभाई. अंगावरचं सगळं मांस उतरलेलं, पण मी ओळखलं. मला वाटलं, ते वळून जातील. ते उभे राहिले. इतक्या वर्षांत मी जे कुणालाच सांगू शकले नव्हते ते तिथे, भाजीच्या ढिगांमध्ये, मी त्यांना सांगितलं, सगळं, आईनं कुठे काय म्हटलं तेही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मने खबर हती." मला माहीत होतं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "क्यारथी?" मी विचारलं. कधीपासून?

"ते ज दिवसथी," ते म्हणाले. त्याच दिवसापासून. जिन्यात तुझा चेहरा पाहिला तेव्हाच कळलं, की तुला काही ठाऊक नव्हतं. पण नियम माझा होता आणि तो आधी मी मोडला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाला तरी बाहेर काढायलाच हवं होतं, नाहीतर त्यांनी मला काढलं असतं. हे ते अगदी साध्या आवाजात सांगत होते, सुरणाचा भाव सांगावा तसं. माफी त्यांनी मागितली नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो पेला काढून घेणारा हात आला. भाजीवाली म्हणाली, बेन, लेवुं छे के नहीं? घ्यायचं आहे की नाही?

मी निघाले तर ते मागून म्हणाले, की फतेगंजकडे नव्या मुलामुलींनी जागा घेतली आहे, पाटीवर सरळ खरं नाव लिहिलं आहे, आणि ते अधूनमधून जाऊन बसतात. मुली बऱ्याच येतात. त्यांच्यात वयानं मोठी बाई कुणी नाही. कुणी पळून आलेली असते, कुणाला घरच्यांनी कोंडलेलं असतं, त्यांच्या घरी फोन करून बोलायचं म्हटलं तर मोठ्या बाईचा आवाज लागतो. "आवीश?" येशील?

त्या शनिवारी शेजारणीला आईजवळ बसवून मी गेले. गेल्या महिन्यात एका मुलीच्या घरी मीच गेले होते, तिची शाळेची सर्टिफिकेटं आणायला. तिच्या आईनं मला पाणी दिलं नाही, दार लावून घेतलं, आणि मग खिडकीतून ती फाईल माझ्या अंगावर फेकली. मी कागद रस्त्यावरून गोळा करून आणले. आई विचारते, शनिवारी कुठे जातेस? मी सांगत नाही. दिलीपभाईंना मी माफ केलेलं नाही, त्यांनाही ते ठाऊक आहे. दर शनिवारी आम्ही शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतो आणि दाराकडे बघत राहतो.